स्टॉलपुढून लोक जातात, थांबत नाहीत: कमी खर्चात नेमकं काय दुरुस्त करायचं

बचत गटांच्या प्रदर्शनात एक तक्रार दर वर्षी ऐकू येते. "शेजारच्या स्टॉलवर गर्दी आणि आमच्याकडे कुणी बघतसुद्धा नाही." मग पुढच्या प्रदर्शनाला प्लास्टिकच्या फुलांच्या माळा येतात, चमकीचं कापड येतं, आणखी मोठा बॅनर येतो. हजार-दोन हजार रुपये जातात आणि तक्रार तिथल्या तिथे राहते. याचं कारण मला असं दिसतं की आपण सजावट वाढवत जातो, पण गिऱ्हाईक नेमकं कुठून परत फिरतं ते कुणी बघत नाही. ते एकदा कळलं की दुरुस्ती बहुतेक वेळा दोन-चारशे रुपयांत होते, कधी तर फुकटात.

आम्ही सोलापूरकडच्या. शेंगा चटणी, कडक भाकरी, कारळाची आणि जवसाची चटणी, काळा मसाला हा आमचा माल. चवीला वरचढ, पण रंगाने सगळा तपकिरी, आणि सगळा पाकिटात. साड्यांच्या किंवा खेळण्यांच्या स्टॉलला रंग आयता मिळतो, आपल्याला तो उभा करावा लागतो. त्यामुळे खालची उदाहरणं चटणी-भाकरीची आहेत. पापड-कुरडया, लोणची, गूळ, कडधान्य विकणाऱ्यांना ती जशीच्या तशी लागू पडतील.

आधी गळती शोधा

संध्याकाळी गर्दीच्या वेळी गटातल्या एकीला वाटेच्या पलीकडे अर्धा तास उभं करा. हातात वही, पानावर चार रकाने: पुढून गेले, मान वळवली, जवळ आले, विकत घेतलं. एका माणसामागे एक रेघ. बोलायचं नाही, मदतीला धावायचं नाही, फक्त रेघा.

अर्ध्या तासात चित्र स्पष्ट होतं. मान वळवणारेच मोजके असतील तर तुम्ही लांबून दिसतच नाही. पाटी, उजेड आणि उंची बघा. माना वळतात पण पावलं वळत नसतील तर मांडणी आणि तुमची उभं राहण्याची जागा चुकते आहे. जवळ येऊन पाकीट हातात घेतात आणि परत ठेवतात, असं असेल तर सजावटीवर एक रुपयाही घालू नका; दोष लेबलात, भावात किंवा चव न दिल्यात आहे.

याच जागेवरून मोबाइलवर स्टॉलचा एक फोटो काढा आणि तो काळा-पांढरा करून बघा. त्यात पाकिटं मागच्या कापडात विरघळून गेली असतील तर येणाऱ्या-जाणाऱ्यालाही ती तशीच दिसत असतात. दिवसभर स्टॉलच्या आत बसलेल्या डोळ्यांना हे कळत नाही.

मान वळतच नाही

पहिला संशय पाटीवर घ्या. महालक्ष्मी सरससारख्या मोठ्या प्रदर्शनात स्टॉलच्या कपाळावर आयोजकांची पट्टी असते आणि तिच्यावर गटाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा. त्याखाली आपण आपला बॅनर लावतो, त्यावरही पुन्हा गटाचंच नाव मोठ्या अक्षरात, बाजूला फोटो, आणि माल सर्वांत खाली बारीक अक्षरात. गटाच्या नावाचा आपल्याला अभिमान असतो आणि तो असायलाच हवा. पण मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर मुलाचा हात धरून चाललेल्या बाईला त्या नावावरून आत चटणी आहे की चपला, हे कसं कळणार?

पाटीवर मालाचं नाव सर्वांत मोठं हवं: "सोलापुरी शेंगा चटणी" आणि खाली "कडक भाकरी". दोनच. बाकीचा माल जवळ आल्यावर दिसतोच. अक्षराच्या उंचीचा एक साधा हिशेब पाट्या रंगवणारे वापरतात: दहा फुटांवरून नीट वाचायला एक इंच उंचीचं अक्षर. पंचवीस फुटांवरून वाचलं जावं असं वाटत असेल तर अडीच इंच धरा, आणि देवनागरीत वेलांट्या, मात्रा, जोडाक्षरं असल्यामुळे मी तीन इंच घेईन. फार कलाकुसरीचं वळण नको. गडद अक्षर, फिकी पार्श्वभूमी, बस.

पाटी कापडावर रंगवा. पाच फूट मांजरपाट, ऑइल पेंटचा एक छोटा डबा, गावातला पाट्या रंगवणारा किंवा शाळेतली हस्ताक्षर चांगलं असलेली मुलगी. थर्माकोलची अक्षरं कापू नका. 1 जुलै 2022 पासून देशभर सजावटीच्या थर्माकोलवर आणि 100 मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिक किंवा पीव्हीसी बॅनरवर बंदी आहे. फ्लेक्सवाल्याकडे जायचंच असेल तर जाडी विचारून घ्या. कापडी पाटी घडी करून पिशवीत बसते, धुता येते आणि पुढची काही वर्षं चालते, म्हणून हिशेबातही तीच परवडते.

दुसरा संशय उजेडावर, आणि इथे मला जरा थांबून सांगावंसं वाटतं, कारण संध्याकाळचा धंदा बुडण्याचं सर्वांत मोठं आणि सर्वांत दुर्लक्षित कारण हेच आहे. मंडपात आयोजक प्रत्येक स्टॉलला एक ट्यूब किंवा एक दिवा देतात. तो बहुधा मागच्या किंवा मधल्या आडव्या बांबूला असतो. म्हणजे उजेड आपल्या पाठीवर पडतो, आपली सावली टेबलावर पडते, आणि माल अंधारात. शिवाय तो उजेड पांढराफटक असतो. त्या उजेडात स्टीलची भांडी, चांदी, पांढरं सुती कापड छान दिसतं. चटणी, मसाला, गूळ, भाकरी राखाडी दिसते, शिळी वाटते.

दिव्याच्या खोक्यावर दोन गोष्टी वाचा. पहिली केल्व्हिनचा आकडा: 6500 म्हणजे पांढरा निळसर, 2700 ते 3000 म्हणजे पिवळसर, ज्यावर वॉर्म व्हाइट लिहिलेलं असतं. खाद्यपदार्थांना दुसरा घ्या. दुसरी गोष्ट सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचं माप. साधे एलईडी 80 च्या आसपास असतात. 90 वाला मिळाला आणि परवडला तर लाल तिखट खरोखर लाल दिसतं. नऊ वॅटचे दोन बल्ब एका स्टॉलला भरपूर होतात.

बल्ब कुठे लावता याला बल्बाइतकंच महत्त्व आहे. स्टॉलच्या पुढच्या आडव्या बांबूला, गिऱ्हाइकाच्या डोक्याच्या किंचित वर, तोंड आत मालाकडे तिरकं. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर दिवा येता कामा नये. मग एक चाचणी करा: गिऱ्हाईक उभं राहतं तिथे उभं राहून पाकिटाकडे बघा. प्लास्टिकवर पांढरा डाग चमकत असेल आणि त्यामागची चटणी दिसत नसेल, तर पाकीट थोडं मागे टेकवून तिरकं ठेवा किंवा दिवा हातभर बाजूला सरकवा. चमक जाईपर्यंत सरकवत राहा. या एका गोष्टीने स्टॉलचं रूप पालटतं.

प्लग एकच मिळतो आणि किती वॅटपर्यंत लोड चालेल याची मर्यादा असते, ती स्टॉल मिळाल्याबरोबर विचारून घ्या. वायरचं बोर्ड तीन पिनांचं न्या. आठवडी बाजारात किंवा सोलापूरच्या गड्डा यात्रेत होम मैदानावर वीज बेभरवशाची वाटत असेल तर चार्जिंगचा इन्व्हर्टर बल्ब एक जवळ असू द्या.

तिसरी गोष्ट उंची. टेबल अडीच फुटाचं, त्यावर पाकिटं आडवी पसरलेली. पुढे दोन माणसं उभी राहिली की मागच्या तिसऱ्याला काहीच दिसत नाही. माल पायऱ्यांवर चढवा. आंब्याचा हंगाम संपला की फळवाल्यांकडे लाकडी पेट्या स्वस्तात सुटतात. त्या उपड्या ठेवून तीन पायऱ्या होतात. पेट्या नसतील तर एकाच मापाचे पुठ्ठ्याचे खोके, आत रद्दी भरून, चिकटपट्टीने बंद करून. रिकामा खोका दुपारपर्यंत दबतो. वरची पायरी उभ्या बाईच्या छातीच्या उंचीला यावी, त्याहून वर नको, नाहीतर आपण मागे झाकल्या जाऊ.

वरच्या पायरीवर फक्त एकच पदार्थ, तो ज्याच्यासाठी लोक येणार. आमच्याकडे शेंगा चटणी: काचेच्या मोठ्या बरणीत, काठोकाठ, झाकण लावून. बरणीतली चटणी विकायची नाही, ती दाखवायची. मैदानावर ऊन येत असेल तर बरणी सावलीत घ्या; उन्हात तिखटाचा आणि हळदीचा रंग उतरतो आणि शेंगदाण्याला खवट वास येतो.

आता पायऱ्यांवर काय अंथरायचं? आपल्याकडे सोलापुरी चादर घरात असतेच आणि ती लावायचा मोह होतो. लावा, पण टेबलाच्या पुढच्या बाजूला खाली सोडून, जिथे माल नाही. तिच्या नक्षीवर पाकिटं ठेवली तर नक्षी दिसते, पाकीट दिसत नाही. मालाखाली एकरंगी कापड हवं. तपकिरी-लाल चटणीखाली कोरा मांजरपाट, पिवळ्या हळदीखाली गडद निळं, आणि ज्वारीच्या फिक्या भाकरीसाठी काळी घोंगडी. भाकरी थेट घोंगडीवर नाही, लोकर लागेल. वेताच्या दुरडीत, पाकिटबंद, थाळीसारख्या आडव्या न ठेवता पुस्तकांसारख्या उभ्या कडेवर लावायच्या. मग त्यांचा गोल आकार आणि पापुद्रा समोरून दिसतो आणि लांबूनच माणूस ओळखतो की ही भाकरी आहे.

बघतात, पण जवळ येत नाहीत

वाट अरुंद असेल तर थांबलेल्या माणसाला मागून धक्के बसतात आणि तो पुढे सरकतो. त्याला आपला माल आवडला नाही असं नव्हे, त्याला उभं राहायला जागा नाही. टेबल अगदी वाटेच्या रेषेवर असेल तर ते दोन फूट आत ओढा. दोन टेबलं असतील तर दुसरं कडेला लावून काटकोन करा. आत जेवढी जागा सुटेल तेवढे लोक निवांत थांबतील. आपण जागा गमावली असं वाटतं, पण ती जागा गिऱ्हाइकाला मिळालेली असते. टेबल बाहेर सरकवायचं मात्र नाही. आयोजक उठवतात आणि शेजारणीशी वाद होतो.

टेबलामागे चौघी ओळीने बसल्या असतील तर नवं माणूस बिचकतं. आठ डोळे आपल्यावर रोखलेले असताना कोण बघायला येईल? एक किंवा दोघी पुरेत, उभ्या, टेबलाच्या कडेला, काहीतरी हातात काम घेऊन. बाकीच्यांनी मागे पाकिटं भरावीत किंवा प्रदर्शन फिरून यावं. डबा मागे पडद्याआड खावा.

काम म्हणजे कोणतं? आमच्या मालासाठी याहून चांगलं काही मला ठाऊक नाही: खलबत्ता. मंडपात गॅस पेटवायला बहुधा परवानगी नसते, पण कुटायला कुणाची ना नाही. घरून भाजून आणलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, जिरं, मीठ. दर अर्ध्या तासाने मूठभर कुटायचं. ठक ठक आवाजाने माना वळतात आणि लसणाचा वास दोन स्टॉल पलीकडे जातो. एखादी आजीबाई थांबून म्हणते, "अगं, अजून थोडी जाडसर ठेव, फार बारीक करू नकोस." तिला बोलू द्या, तिच्या हातात बत्ता द्या. तिच्याभोवती चार माणसं आपोआप थांबतात. फुलांच्या माळा हे कधी करणार नाहीत.

हाक मारायची की नाही यावर मतं वेगळी आहेत. माझं मत, वाटेवरच्या माणसाला ओढून हाक मारू नये. तो टेबलाशी आला, नजर एखाद्या वस्तूवर थांबली, की मग हळू आवाजात "चव घेऊन बघा ताई, घ्यायलाच पाहिजे असं नाही." एवढं पुरतं.

हातात घेतात आणि परत ठेवतात

पाकीट हातात घेतलेल्या बाईकडे नीट बघा. ती ते उलटं करते. मागे काय शोधते? तारीख आणि भाव. तारखेच्या जागी कोरी रेघ दिसली की पाकीट खाली जातं, आणि ती काही बोलतही नाही, हसून पुढे जाते. शहरातल्या गिऱ्हाइकाची ही सवय पक्की आहे आणि ती रास्त आहे.

लेबलावर पदार्थाचं नाव, घटक, निव्वळ वजन, बॅच, पॅकिंगची तारीख, कधीपर्यंत चांगलं राहील, सर्व करांसह किंमत, गटाचा पत्ता आणि संपर्क, शाकाहाराचं हिरवं चिन्ह आणि अन्न परवान्याचा 14 आकडी क्रमांक हवाच. हा कायदा आहे, आणि गिऱ्हाइकाचा विश्वासही यावरच बसतो. तारीख पेनने लिहू नका, तेलाने पसरते. तारखेचा रबरी शिक्का स्टेशनरीच्या दुकानात मिळतो. शेंगा चटणीला तेल सुटतं आणि पाकीट बाहेरून चिकट होतं. सकाळी मांडताना प्रत्येक पाकीट कोरड्या फडक्याने पुसा. चिकट पाकीट कुणालाही पर्समध्ये टाकवत नाही.

भाव विचारायला लोक लाजतात. विचारून न घेणं त्यांना अवघड वाटतं, म्हणून ते विचारतच नाहीत. प्रत्येक वस्तूपुढे पुठ्ठ्याचा घडी केलेला त्रिकोण, त्यावर नाव, वजन आणि भाव, जाड मार्करने. भाव आणि वजन एकत्रच लिहा. सर्वांत लहान पाकीट पुढच्या पायरीवर ठेवा. नवं गिऱ्हाईक पाव किलो चटणीचा जुगार खेळत नाही, पण 50 रुपयांचं छोटं पाकीट सहज उचलतं आणि आवडलं तर प्रदर्शन संपण्याआधी मोठ्यासाठी परत येतं.

चव द्यायला प्लास्टिकचे चमचे आणू नका, तेही थर्माकोलच्या त्याच बंदीत येतात. वर्तमानपत्राच्या तुकड्यावर देऊ नका, छापील शाई अन्नाला लागू द्यायची नसते. कडक भाकरीचा दोन बोटांएवढा तुकडा मोडा, त्यावर चटणी आणि थेंबभर तेल, आणि चिमट्याने हातात द्या. चमचा लागत नाही, ताटली लागत नाही, कचरा होत नाही, आणि एका घासात दोन्ही पदार्थांची ओळख होते. तुटलेल्या भाकऱ्या याच कामाला वापरा. नमुन्याची ताटली झाकलेली असावी, माशी एक जरी बसलेली दिसली तरी पुढचं सगळं फुकट जातं.

पैसे देताना खोळंबा नको. क्यूआर कोड उभ्या स्टँडवर, गिऱ्हाइकाच्या बाजूला, आणि सुट्टे पैसे सकाळीच.

दुपारनंतर स्टॉल उजाड दिसतो

माल निम्मा गेला की रिकामी जागा दिसते आणि लोकांना वाटतं उरलंसुरलं आहे. उरलेला माल पुढे ओढा, मागची पायरी काढून टाका, मोठ्या दुरडीऐवजी लहान घ्या. दुरडी मोठीच असेल तर तिच्या तळाशी एक वाटी उपडी घालून वर पाकिटं रचा. भरलेली छोटी मांडणी अर्ध्या भरलेल्या मोठ्या मांडणीपेक्षा केव्हाही बरी.

पैसे थोडे असतील तर कशावर आधी घालायचे

माझा क्रम असा: दोन वॉर्म बल्ब, होल्डर आणि वायर. मग कोरा मांजरपाट, मालाखालीही आणि पाटीलाही. मग शिक्का आणि मार्कर. पायऱ्या, दुरड्या, घोंगडी, खलबत्ता घरातून. हे सगळं एका पत्र्याच्या पेटीत कायम भरून ठेवा, चिमटे, सुतळी आणि कात्रीसकट, म्हणजे प्रदर्शनाच्या आदल्या रात्री धावपळ होत नाही आणि दर वेळी नवीन खरेदी होत नाही. कापडाला चिमटे लावायला विसरू नका, मैदानावर वारा सुटला की आधी पाटी उलटते.

एक वेळ अशीही येते की पहिला सोडून बाकीचे तिन्ही रकाने ठीक दिसतात, जवळ आलेल्यांपैकी बरेच जण घेतात, पण पुढून जाणारेच कमी असतात. म्हणजे तुमची जागा आडबाजूला आहे, किंवा शेजारी स्पीकरच्या भिंती आहेत आणि कुणी तिथे उभंच राहू शकत नाही. याला कापड आणि बल्ब उपाय नाहीत. पहिल्याच संध्याकाळी ती वही घेऊन आयोजकांच्या कक्षात जा आणि आकडे दाखवा. "धंदा होत नाही" असं सांगणाऱ्या पन्नास जणी त्यांच्याकडे येतात. अर्ध्या तासात आमच्या ओळीतून किती माणसं गेली आणि मधल्या ओळीतून किती गेली, हे लिहून आणणारी क्वचितच येते. रिकामा राहिलेला स्टॉल असेल तर बदलून मिळतो, नसेल तर निदान ओळीच्या तोंडाशी बाण काढलेली एक पाटी लावायची परवानगी मागा. त्या पाटीसाठी दोन हात मांजरपाट आणि उरलेला ऑइल पेंट पेटीत ठेवूनच निघा.